बिसातीवर नदी कधी आली?

बुद्धिबळाच्या पटावर फौज पूर्ण असते. हत्ती, घोडे, उंट, वजीर, आठ प्यादी, सगळं असतं. जमीन मात्र नसते. चौसष्ट घरं एकसारखी. कुठे ओढा आडवा येत नाही, चढ लागत नाही, हत्ती चिखलात रुतत नाही आणि प्यादं झाडामागे लपत नाही. हा खेळ आपल्या मुलखातून इराणात गेला तेव्हा चतुरंगाचा चतरंग झाला, आणि अरबांच्या हाती पडल्यावर शतरंज. नवव्या-दहाव्या शतकात बगदादमध्ये अल-अदली आणि अस-सूली यांच्यासारख्या उस्तादांनी त्यावर किताबं लिहिली. त्यांच्या बिसातीवर तर काळी-पांढरी घरंही नव्हती, नुसत्या रेघा. दोन्ही बाजूंना सारखी फौज आणि सारखी जमीन, हीच त्या खेळाची शान. लढाईत मात्र असं कधी होत नाही. तिथे कुणाच्या तरी हाती टेकडी असते आणि कुणाच्या तरी पाठीशी नदी.

अपवाद म्हणून चिनी बुद्धिबळ सांगता येईल. त्या पटाच्या मधोमध एक नदी आहे. हत्तीला ती ओलांडता येत नाही, त्यामुळे तो जन्मभर आपल्याच काठाची राखण करतो. प्यादं मात्र पलीकडे गेलं की त्याला आडवं चालण्याचीही मुभा मिळते. एका रेघेने खेळ किती बदलतो पाहा.

युरोप-अमेरिकेत एक छंद आहे. मोठ्या टेबलावर बोटभर उंचीचे शिशाचे किंवा प्लास्टिकचे सैनिक मांडायचे, टेकड्या, झाडं, घरं, पूल उभे करायचे आणि पट्टीने अंतर मोजत एखादी जुनी लढाई पुन्हा लढायची. आपल्याकडे तो फारसा नाही आणि ज्यांना माहीत आहे त्यांना तो पैसेवाल्यांचा पोरखेळ वाटतो. मी भाषेचा मास्तर आहे, इतिहासाचा नाही. तरी मला हा खेळ महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे लढाई सांगताना तीनच प्रश्न विचारले जातात: शूर कोण, फितूर कोण, आणि कोण कुठल्या धर्माचा. त्या दिवशी पाणी कुणाच्या बाजूला होतं, ऊन कुणाच्या डोळ्यांवर होतं, तोफ कुठल्या माथ्यावरून दिसत होती, हे कुणी विचारत नाही. या टेबलावर मात्र त्याच प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते.

बिसातीवर जमीन आणणारा पहिला महत्त्वाचा माणूस मास्तरच होता, याचा मला थोडा अभिमान वाटतो. जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या दरबारी योहान हेलविग हा गणित शिकवायचा. सरदारांच्या पोरांना लढाईची अक्कल यावी म्हणून त्याने 1780 मध्ये बुद्धिबळावरून एक नवा खेळ रचला. सोळाशेच्या वर घरं, आणि प्रत्येक घराला रंग. एका रंगाचा अर्थ डोंगर, दुसऱ्याचा दलदल, तिसऱ्याचा पाणी. कुठली तुकडी कुठल्या रंगावर जाऊ शकते याचे नियम. खेळ अवजड होता, पण आता घोड्याला पायाखाली काय आहे हे पाहावं लागू लागलं.

त्यात एक खोट राहिली होती. नदी चौकटीत वळत नाही, डोंगर चौकोनी नसतो. प्रशियाच्या थोरल्या राइसविट्झने चौकटीच काढून टाकल्या. आधी त्याने वाळूच्या टेबलावर प्रयोग केले. राजासमोर वाळू कशी न्यायची, म्हणून 1812 मध्ये त्याने खणांचं एक भलंमोठं कपाटवजा टेबल बनवून राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला सादर केलं. त्यावर साधारण सहा फूट लांब, सहा फूट रुंद मैदान मांडता यायचं. मैदान म्हणजे चिनी मातीच्या रंगवलेल्या फरश्या. कुणावर रस्ता, कुणावर नदीचं वळण, कुणावर गावठाण, सगळं किंचित उठावदार. फरश्या हव्या तशा जुळवायच्या की नवा मुलूख तयार. 1 : 2373 या प्रमाणात ते सहा फूट म्हणजे चार किलोमीटरांहून थोडी जास्त जमीन. तुकडी किती चालली हे घरं मोजून न ठरवता पट्टीने मोजायचं.

त्याच्या मुलाने 1824 मध्ये पुढचं पाऊल टाकलं. त्याने फरश्या सोडून सरळ 1 : 8000 प्रमाणाचे लष्करी नकाशे घेतले, त्यावर छोटे ठोकळे, आणि दोन्ही खेळाडूंच्या मध्ये एक पंच. खेळाडू आपला हुकूम कागदावर लिहून पंचाला देणार. शत्रूची तुकडी टेकडीमागे असेल तर पंच ती नकाशावर ठेवणारच नाही. नजर पोहोचली की मग ठोकळा दिसणार. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तोवर जमीन म्हणजे अडथळा होता, आता ती पडदा झाली. प्रशियाच्या सेनाप्रमुखाला हा खेळ इतका आवडला की त्याने तो फौजेत लागू करायला लावला. धाकट्या राइसविट्झला त्याचं सुख लाभलं नाही. राजधानीपासून दूर बदली झाल्यावर 1827 मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला.

हा खेळ छावणीतून बैठकीच्या खोलीत आणला तो कादंबरीकार एच. जी. वेल्सने. 1913 च्या त्याच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातली स्प्रिंगची तोफ आहे, ती लाकडी गोळी खरोखर फेकते, आणि सैनिक पडला की मेला. जमिनीबाबतचे त्याचे नियम मला फार पटतात. एका खेळाडूने मुलूख मांडायचा आणि कुठल्या बाजूने लढायचं हे दुसऱ्याने निवडायचं. घरात एक मूल बर्फी कापतं आणि आधी उचलायचा हक्क दुसऱ्याचा असतो, तसंच. मांडणारा आपोआप इमानदार होतो. दुसरा नियम असा की आपल्या तोफेला वाट मिळावी म्हणून झाड-घर हलवायचं नाही. आणि फौजा लावताना मधोमध पडदा ओढायचा, म्हणजे समोरच्याची मांडणी आधी दिसू नये. पुस्तक आलं आणि दुसऱ्याच वर्षी युरोपात खरं महायुद्ध पेटलं.

पुढे, विशेषतः 1960 नंतर, डोनाल्ड फेदरस्टोनसारख्या लेखकांच्या पुस्तकांमुळे हा छंद घरोघरी गेला आणि टेबलावरची जमीन हा एक स्वतंत्र हुन्नर झाला. अगदी गरिबी पद्धत म्हणजे पुस्तकांवर हिरवी चादर टाकायची, झाल्या टेकड्या. पण चादरीच्या उतारावर सैनिक घसरून पडतात. म्हणून अनुभवी लोक थर्माकोलच्या पायऱ्यांची टेकडी करतात, दिसायला थोडी बेढब पण फौज तिच्यावर उभी राहते. जंगलासाठी आधी हिरव्या नमद्याचा तुकडा कापून अंथरतात आणि झाडं त्यावर सुटी ठेवतात. तुकडी आत शिरली की झाडं उचलून बाजूला करता येतात, जंगलाची हद्द नमद्यावरून कळत राहते.

इथे एक गोंधळ नवख्याला हमखास होतो. सैनिक 28 मिलिमीटर उंच असेल तर तो खऱ्या माणसाच्या साठाव्या हिश्श्याएवढा. बंदुकीचा शंभर मीटरचा पल्ला त्याच मापाने टेबलावर दीड मीटरहून जास्त होईल, म्हणजे या टोकाची पलटण त्या टोकाला गोळ्या घालणार! म्हणून जमिनीचं माप वेगळं, सैनिकाचं वेगळं. पल्ला वीतभरच धरतात. परिणाम असा की टेबलावरचं एक घर दिसायला घर असलं तरी ते अख्खी वाडी असते, आणि चार झाडं म्हणजे एक मोठं रान. हे ध्यानात ठेवून टेबल वाचावं लागतं. वाचता येत नाही त्याला ती सजावट वाटते.

टेकडीचंच घ्या. नवखा खेळाडू टेकडी दिसली की माथ्यावर पलटण उभी करतो. उंचावरून दूरचं दिसतं हे बरोबर, पण तुम्हीही सगळ्यांना दिसता. वॉटर्लूला 18 जून 1815 रोजी वेलिंग्टनने आपलं बरंचसं पायदळ माथ्याच्या मागच्या उतारावर ठेवलं होतं. समोरून नेपोलियनच्या तोफांना त्यातली फार थोडी माणसं दिसत होती. फ्रेंच माथ्यावर चढून आले तेव्हा समोर हाकेच्या अंतरावर ताज्या दमाच्या रांगा. टेबलावर हेच करायचं तर पलटण माथ्यापासून दोन-तीन बोटं मागे ठेवायची आणि तोफ तेवढी माथ्यावर. नजर पोहोचते की नाही यावर वाद झाला तर खेळाडू चक्क गुडघ्यावर बसून, गाल टेबलाला टेकवून, शिशाच्या शिपायाच्या डोळ्यांतून पाहतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हे आसन जरा जड जातं.

पुलाचं गणितही असंच उलटं. पूल राखायचा तर पुलावर उभं राहू नये. तिथे तुमची दोन माणसं आणि त्यांची दोन माणसं समोरासमोर, तुमच्या मोठ्या फौजेचा उपयोग शून्य. थोडं मागे सरकून पुलाच्या तोंडाभोवती कमान धरावी. मग शत्रू चिंचोळ्या रांगेतून एकेक बाहेर पडतो आणि तुमची पूर्ण रांग त्याच्यावर चालते. जंगलात घोडदळ नेऊ नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण हलक्या पायदळाला तेच जंगल घर वाटतं हे विसरलं जातं. 1990 पासून खेळल्या जाणाऱ्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या प्राचीन लढायांच्या नियमावलीत यावरच डाव उभे राहतात. तिथे बचाव करणारा मुलूख मांडतो. ज्याच्याकडे घोडे कमी आणि तिरंदाज-भालेवाले डोंगरी लोक जास्त, तो टेबल खडकांनी आणि झाडीने भरून टाकतो.

आपल्या वाचकांना हे सगळं अगदी परकं वाटू नये. उहुदच्या टेकडीवर ठेवलेले पन्नास तिरंदाज आणि त्यांनी जागा सोडल्यावर काय झालं, हे आपली पोरं मक्तबच्या वयापासून ऐकतात. एक छोटी टेकडी अख्ख्या फौजेची बाजू राखत होती. ती लढाई मी टेबलावर मांडत नाही, मांडणारही नाही, अदब म्हणून एक चीज असते. पण जागा राखणं म्हणजे काय हे मुलांना तिथूनच पटकन कळतं. आणि भाषेचा मास्तर म्हणून आणखी एक गंमत सांगतो. मराठीतले जमिनीच्या लढाईचे शब्द पाहा: मैदान, मोर्चा, खंदक, बुरूज. सगळे फारसी-अरबीतून आलेले. मराठ्यांच्या बखरींत ते इतके रुळले की आज ते परके होते हेही कुणाला आठवत नाही. ‘उतार’ मात्र अस्सल आपला, आणि त्याचे अर्थ दोन: टेकडीचा ढाळ तो उतार, आणि नदी पायी ओलांडता येते ती जागाही उतारच.

या दुसऱ्या उतारावर एक मोठी लढाई फिरली, तीही आपल्याच जालना जिल्ह्यात. भोकरदनजवळचं असई. 23 सप्टेंबर 1803. तोच वेलिंग्टन, तेव्हा चौतिशीतला आर्थर वेलस्ली. जगभरचे टेबल-खेळाडू ही लढाई खेळतात, आपण मात्र तिला इंग्रजांचा विजय म्हणून एका ओळीत संपवतो.

केळना आणि जुई या दोन नद्या असईच्या पूर्वेला एकमेकींना मिळतात. त्यांच्या मध्ये जमिनीची लांब जीभ तयार होते. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज त्या जिभेवर, केळनेच्या उत्तर काठाने पसरलेली. कवायती पायदळ दहा हजारांवर, तोफा शंभरच्या आसपास, शिवाय तीस-चाळीस हजारांचं घोडदळ. शिंद्यांच्या कंपूचा सेनानी हॅनोव्हरचा पोलमन. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही तिथे होत्या. वेलस्लीकडे कवायती फौज साडेचार हजारांच्या आसपास, त्यात मद्रासचे हिंदी शिपाई मोठ्या संख्येने. दोन्हीकडे नमाज पढणारे होते आणि दोन्हीकडे पूजा करणारेही. इथे धर्मावरून बाजू ओळखू पाहणारा पहिल्याच चालीला अडकतो.

केळनेचे काठ उभे. जो उतार सगळ्यांना माहीत होता तो शिंद्यांच्या फौजेच्या थेट तोंडासमोर, तोफांच्या माऱ्यात. दुसरा उतार नाही, असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं. त्याने पूर्वेला पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. इंग्रज कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. त्याने हिशोब केला: दोन गावं इतकी समोरासमोर आणि त्यांच्यात ये-जा नाही, असं होईल कसं? माणूस पाठवून पाहिलं तर उतार होता. फौज तिथून पलीकडे गेली. आता तिच्या उजवीकडे जुई, डावीकडे केळना, समोर चिंचोळी जमीन. शिंद्यांच्या प्रचंड घोडदळाला वळसा घालून बाजूवर यायला जागाच राहिली नाही.

फितुरीचं काय, असं कुणी विचारेल. शिंद्यांच्या नोकरीतले बरेच इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर निघून गेले होते, हे खरं आहे आणि त्याचा फटका बसला हेही खरं. पण तो उतार मोकळा राहिला हे त्याने समजत नाही. तिथे चार तोफा आणि एक पलटण असती तर वेलस्लीला त्या दिवशी नदी ओलांडणं फार महाग पडलं असतं.

टेबलावर असई मांडताना खरी पंचाईत इथेच होते. नदी काढली, उतार दाखवला, की शिंद्यांच्या बाजूने खेळणारं पोरगं पहिल्या फटक्यात तिथे तोफा आणून ठेवतं, कारण त्याला दिसतंय. लढाई सुरू होण्याआधीच संपते. मी सुट्टीत मुलांना घेऊन हा डाव मांडतो तेव्हा धाकट्या राइसविट्झचा पंच कामी येतो. नदी म्हणजे निळी ओढणी, टेकाडं म्हणजे चादरीखालची पुस्तकं, पलटणी म्हणजे काड्यापेट्या. गावं नदीकाठी पाच-सहा ठेवायची, काही एकेकटी, एक जोडी समोरासमोर. उतार कुठे आहे हे फक्त माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर. उतार शोधायचा तर एक स्वार पाठवावा लागतो आणि त्यात एक पाळी जाते. फासे मी ठेवतच नाही. काही घरांत फाशावरून भुवया उंचावतात, आणि तशीही त्यांची गरज नसते. प्रशियाचाच एक सेनानी व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा याने 1876 मध्ये हाच खेळ नियमांचं आणि फाशांचं जंजाळ बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालवावा असं मांडलं होतं. फक्त पंचाचा शब्द मुलांना पटायला हवा, हे कठीण काम.

बहुतेक मुलं माहीत असलेल्या उतारावरच जीव लावून लढतात. एकदा सातवीतल्या एका मुलीने, जिचं आजोळ नदीकाठचं आहे, स्वार पाठवायच्या आधी मला विचारलं, “सर, या गावातल्या लोकांचं दळण कुठे असतं?” मी उत्तर दिलं नाही. तिने स्वार बरोबर त्या जोडीकडे पाठवला.

नदी ओलांडली म्हणजे लढाई जिंकली असं मात्र नाही, आणि असईचा हा दुसरा भाग मला पहिल्याहून जास्त शिकवणारा वाटतो. वेलस्लीला वाटलं होतं की शिंद्यांच्या फौजेला तोंड फिरवायला वेळ मिळणार नाही. पोलमनच्या कंपूंनी ते करून दाखवलं. पूर्ण रांग काटकोनात वळली, एक टोक केळनेला टेकलं आणि दुसरं टोक असई गावाला. कवायतीची ही करामत इंग्रजांनाही अपेक्षित नव्हती. आता दोन्ही बाजूंना नदी होती हे खरं, पण तिचा फायदा दोघांनाही सारखाच. आणि गाव मात्र एकाच बाजूकडे. असईत तोफा आणि पायदळ ठासून भरलेलं होतं.

गावापासून लांब राहायचं, असा बेत होता. पण उजवीकडच्या पहाऱ्याच्या तुकड्या घेऊन जाणारा ऑरॉक नावाचा अधिकारी तिरपा न सरकता सरळ गावाच्या दिशेने गेला आणि त्याच्या मागून 74 वी हायलँडर पलटण. गावातल्या तोफांनी दोन्हींची चाळण केली. उरलेले लोक आपल्याच मेलेल्यांच्या आडोशाने टिकून राहिले, शेवटी मॅक्सवेलच्या घोडदळाने त्यांना सोडवलं. मॅक्सवेलही त्या दिवशी मारला गेला. संध्याकाळपर्यंत वेलस्लीने मैदान आणि बहुतेक तोफा जिंकल्या, पण त्याची सुमारे 1,600 माणसं मेली किंवा जखमी झाली, फौजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

टेबलावर गावाचा हा तुकडा मुलं सहसा रिकामा सोडतात. मातीच्या भिंतींचं गाव काय करणार, असं त्यांना वाटतं. मी आता असईच्या जागी काड्यापेट्यांभोवती विटेचे तुकडे लावून ठेवतो आणि नियम एवढाच करतो: भिंतीआड असलेल्यांचं नुकसान निम्मं, पण एकदा आत शिरलेल्यांना बाहेर येऊन रांग धरायला एक पाळी लागेल. मागच्या उन्हाळ्यात शिंद्यांच्या बाजूने खेळणाऱ्या दोघांनी सगळी फौज गावात कोंबली आणि वेलस्लीवाल्यांनी गावाला हातही न लावता केळनेच्या काठाने पुढे सरकून त्यांची मागची वाट बंद केली. दोघं भाऊ तासभर माझ्याशी वाद घालत होते की हा नियम चुकीचा आहे, गावाला दोन वेशी असतात. दोन वेशी धरून तो डाव पुन्हा लावायचा आहे.